यशोदेला माहीतच नव्हतं



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ३. श्रीकृष्णजन्म.

हा अध्याय मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा वाचलाय. आणि तरी गेल्या वर्षापर्यंत तो मी एकदाही शेवटपर्यंत वाचलेला नव्हता.

झालं असं, की मला सातवा महिना लागला तेव्हा आजीनं नारायणगावहून फोन करून सांगितलं, "नवव्यात रोज कृष्णजन्म वाच गं. सुटका नीट होते." मी वाचायला घेतला. मोशीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत, समोर नव्या टॉवरची क्रेन, खाली नाशिक हायवेचे हॉर्न, आणि मांडीवर पोथी. मांडी तरी कुठली, पोटाच्या पुढं जेवढी जागा उरली होती तेवढ्यात. मी वाचायचे ते जन्मापर्यंत. रोहिणी नक्षत्र, शांत झालेल्या दिशा, चतुर्भुज रूप, वसुदेव-देवकीची स्तुती, आणि मग देवाचं साध्या बाळासारखं होणं. तिथं आलं की पोथी मिटून कपाळाला लावायची. पुढचे श्लोक म्हणजे कुलपं उघडली, यमुनेनं वाट दिली, बाळांची अदलाबदल झाली. ते तर लहानपणापासून टीव्हीवर पाहिलेलं. त्यात नवीन काय वाचायचं?

आज त्या न वाचलेल्या शेवटाबद्दलच लिहायचंय. पण आधी माझी गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय तो श्लोक मला का लागला ते कळणार नाही.

माझा 'बर्थ प्लॅन' तयार होता. हसू नका, फोनमध्ये रीतसर यादी केली होती. नॉर्मलच डिलिव्हरी. प्रत्येक कळेला विठ्ठलाचं नाव. छोट्या स्पीकरवर हरिपाठ. बाळ जन्मल्याबरोबर छातीवर, आणि त्याच्या कानात पहिला शब्द पडेल तो हरिनामाचा. गर्भसंस्काराचं ॲप होतं, श्वासाचा सराव होता. मनात कुठंतरी असंही होतं, की आपण एवढं नाम घेतोय म्हणजे आपलं सगळं छानच होणार. हा हिशोब मी कुणाला बोलून दाखवला नव्हता, पण तो होता.

रात्री अकराच्या सुमाराला पाणी जायला लागलं. नवरा चाकणला, रात्रपाळीला. आई माझ्याकडे दोन दिवसांनी यायची होती, कारण डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अजून आठवडा होता. शेजारच्या काकूंनी गाडी काढली. पाऊस असा, की वायपरला दम लागावा. नवऱ्यानं फोन उचलला तेव्हा मागं मशीनचा आवाज होता. म्हणाला, "निघालोच." तो निघाला, पण कंत्राटी कामगाराला मधेच पाळी सोडायची म्हणजे त्या दिवसाचा खाडा आणि वर चार शब्द ऐकून घ्यायचे. ते त्यानं मला खूप नंतर सांगितलं. आई आणि मामा जीप करून नारायणगावहून निघाले. तुम्हाला चाकणचा तळेगाव चौक माहीत असेल तर पुढचं सांगायला नको. कंटेनर आडवा, मागं ट्रकांची रांग, आणि त्यात माझी आई डिंकाच्या लाडवांचा डबा धरून बसलेली.

लेबर रूममध्ये मी एकटी होते. म्हणजे माणसं होती, पण माझं असं कुणी नव्हतं. स्पीकर आत नेऊ दिला नाही. पोटाला पट्टे बांधलेले, शेजारी मशीन, त्यातून बाळाच्या ठोक्यांचा आवाज. घोडा दुडक्या चालीनं पळतोय असा. पहिल्या काही कळांना मी नाम घेतलं. मग कळा जवळजवळ यायला लागल्या आणि नाम कुठं गेलं, माझं मलाच कळलं नाही. तोंडातून एकच निघत होतं, "आई गं... आई गं..." मधेच लख्ख जाणीव व्हायची, की अगं, नाम घ्यायचं राहिलं! आणि पुढची कळ आली की पुन्हा "आई गं".

तिथं एक मावशी होत्या. वॉर्डातल्या मावशी असतात ना, चादरी बदलणाऱ्या, बेडपॅन देणाऱ्या, त्या. त्यांचं काम झालं होतं. तरी त्या जाता जाता थांबल्या आणि माझ्या कमरेवर तळहाताचा टाच दाबून धरला. कळ ओसरेपर्यंत सोडला नाही. म्हणाल्या, "वरड बाळा. वरडायला काय लाज?" मग पुढच्या कळेला पुन्हा. किती वेळ त्या तशा उभ्या होत्या मला सांगता यायचं नाही.

इथं एक गोष्ट आठवते ती सांगते. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला उंच खडकावर शंकराचं देऊळ आहे. तिथल्या शिवाचं नाव तायुमानवर, म्हणजे जो आईसुद्धा झाला तो. कथा अशी सांगतात, की रत्नावती नावाच्या एका शिवभक्त बाईची बाळंतपणाची वेळ आली. तिची आई निघाली, पण कावेरीला पूर आलेला, ती पलीकडेच अडकली. इकडे मात्र आई दारात हजर झाली. तिनं सगळं निगुतीनं केलं. पूर ओसरल्यावर खरी आई आली तेव्हा घरात दोन आया! मग कळलं, की आधी आलेले ते महादेव होते. आपल्याकडे तर हे कळायला दक्षिणेत जायचीही गरज नाही. आपण विठोबाला विठाई म्हणतो. ज्ञानोबांना माउली म्हणतो, त्यांची समाधी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आळंदीला. आई या एका शब्दावर आख्खी वारी चालते. आणि मी त्या टेबलावर पडून खंत करत होते, की मी "आई गं" म्हणतेय, नाम घेत नाहीये!

कावेरीला पूर आला काय आणि तळेगाव चौकात कंटेनर आडवा झाला काय, अडकलेल्या आईच्या जागी कुणीतरी उभं राहतं. मावशींना मी देव म्हटलं तर त्या मलाच वेड्यात काढतील. पण कमरेवरचा तो तळहात मला अजून आठवतो.

तीनच्या आसपास त्या घोड्याची चाल बदलली. ठोके मंदावायचे, पुन्हा यायचे, पुन्हा मंदावायचे. डॉक्टर मॅडमनी कागदाची पट्टी पाहिली आणि त्यांचा आवाज एकदम सपाट झाला. "बाळ दमलंय. पाण्यात शी केलीय त्यानं. आता थांबायचं नाही." कुणीतरी माझ्यापुढं कागद धरला. मी सही केली, ती माझी सही वाटतच नाही. स्ट्रेचरवरून जाताना छतावरचे दिवे एकामागून एक गेले. पाठीत इंजेक्शन द्यायलाही वेळ नव्हता. पूर्ण भूल. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. तोंडावर मास्क आला, कुणीतरी म्हणालं, "मोठा श्वास घ्या." मी घेतला.

आणि त्यानंतर काही नाही.

माझ्या लेकीचा जन्म झाला तेव्हा मी तिथं नव्हते. शरीर होतं, मी नव्हते. ती रडली का, किती उशिरा रडली, तिला पहिल्यांदा कुणी धरलं, मला काहीच माहीत नाही. शुद्ध आली तेव्हा घसा खरवडल्यासारखा झालेला. पोटावर हात गेला तर पोट सपाट. मी विचारलं, "बाळ?" सिस्टर म्हणाल्या, "मुलगी झाली. काचेत ठेवलंय. श्वासाचा थोडा त्रास आहे." मी पुन्हा झोपले. पुन्हा जागी झाले, पुन्हा तेच विचारलं. सिस्टर नंतर हसून सांगत होत्या, की तीनदा विचारलंत, तीनदा मुलगीच सांगितली. हॉस्पिटलच्या दारात पाटी असते ना, इथे गर्भलिंग निदान होत नाही अशी, ती नऊ महिने येता-जाता वाचली होती. आणि जन्म झाल्यावरसुद्धा तासभर मला पत्ता नव्हता.

तिला पहिल्यांदा पाहिलं ते नवऱ्याच्या फोनवर. फोटोत नाकाला नळी, डोक्यावर निळी टोपी. तो नखशिखांत भिजलेला होता. इंद्रायणीचा पूल ओलांडून बाईकवर आलेला, आणि सिस्टरांच्या मागं मागं बाळासोबत वरच्या मजल्यावर जाऊन आलेला. "बघ ना," तो म्हणाला. मी बघितलं. मला काहीच वाटलं नाही.

हे वाक्य लिहायला मला अकरा महिने लागलेत. मला काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी व्हीलचेअरवरून वर नेलं. काचेच्या पेटीत ती. सिस्टर म्हणाल्या, "हात धुवा आणि बोट द्या तिच्या हातात." मी बोट पुढं केलं. तिनं धरलं नाही. झोपली होती. मला वाटलं, बरोबर आहे, ओळख कुठंय आमची?

मग भेटायला येणारे. "नॉर्मल नाही झाली का?" "हल्ली मुलींना कळा सोसवत नाहीत." एक दूरच्या काकू तर म्हणाल्या, "बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, पण तुझं काय, तू झोपलेलीच." त्या गमतीनं म्हणाल्या. टाके दुखत होते म्हणून मी हसले नाही, असं सगळ्यांना वाटलं.

दूध येत नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, चीक तर चीक, चार थेंब तर चार थेंब, काढा. स्टीलच्या वाटीत काढायचे. तळ जेमतेम ओला व्हायचा. नवरा ती वाटी घेऊन दोन जिने चढायचा, वाटीवर तळहात झाकण धरून. लिफ्टला गर्दी असते, धक्का लागेल म्हणायचा. वर बोंडल्यानं तिला पाजायचे. चार दिवस, दिवसातून आठ-आठ वेळा त्याच्या या खेपा चालल्या. पाचव्या दिवशी ती खाली आली.

घरी आलो. आईनं सुंठ, डिंक, अळीव, सगळं सुरू केलं. बारावं झालं, सोयर फिटलं, देवापुढं दिवा लागला, पण मी पोथीला हात लावला नाही. रुसले होते म्हणा. आणि खरं सांगायचं तर लाज वाटत होती. नऊ महिने एवढं वाचलं, एवढं जपलं आणि ऐन वेळी नामही नाही, शुद्धही नाही, मायाही नाही. आपण परीक्षेलाच बसलो नाही आणि आपल्याला पास करून टाकलं, असं काहीतरी.

मग एका रात्री, तीन-सव्वातीन वाजले असतील, तिला पाजत बसले होते. झोप येऊ नये म्हणून फोनवर काहीतरी वाचावं म्हणून भागवत उघडलं. बोट आपोआप त्याच अध्यायावर गेलं. जन्म झाला. त्या रात्री पोथी मिटायला हात मोकळा नव्हता, म्हणून पुढं वाचत गेले. वसुदेवाच्या बेड्या, उघडलेली दारं, पाऊस, फणा धरून मागून येणारा शेष, वाट देणारी यमुना, झोपलेलं गोकुळ, यशोदेच्या अंथरुणावर ठेवलेलं बाळ, तिथून उचललेली मुलगी, परतीची वाट, पुन्हा पायात बेड्या. आणि मग अध्यायाचा अगदी शेवटचा श्लोक.

त्यात जे आहे ते माझ्या शब्दांत सांगते. यशोदेला एवढं कळलं, की आपल्याला बाळ झालं. पण मुलगा की मुलगी, तेही तिला माहीत नव्हतं. कारण ती प्रसूतीनं फार थकली होती आणि झोपेनं तिचं भान हरपलं होतं.

मी तो श्लोक चार वेळा वाचला. शुकाचार्यांनी कृष्णजन्माचा अध्याय संपवला तो कुठं? देवांच्या दुंदुभीवर नाही. एका थकून झोपलेल्या बाळंतिणीवर संपवला. तिला काय झालं ते माहीत नाही. शेजारी कोण आलं, कोण गेलं, माहीत नाही. आणि त्याबद्दल तिला कुठंही दोष नाही. "अरेरे, बिचारीचा क्षण हुकला" असा एक शब्द नाही. दोन अध्याय पुढं गेलात की नंदाघरी उत्सव सुरू आहे, दही-हळदीची उधळण चाललीये, आणि ती आई आहे. पूर्ण आई. पुढच्या आठवड्यात आपण नवव्या अध्यायात पोचू. तिथं जिचं दावं दरवेळी दोन बोटं कमी पडतं आणि जिचा घाम पाहून देव स्वतःला बांधून घेतो, ती हीच झोपलेली यशोदा. ब्रह्मदेवाला, शंकराला, लक्ष्मीलाही जी कृपा मिळाली नाही ती हिला मिळाली, असं भागवत तिथं स्पष्ट म्हणतं. जन्माच्या वेळी जागी होती का, हे कुणी विचारलं नाही.

आणि देवकीकडे बघा. ती जागी होती. तिनं सगळं पाहिलं, प्रत्यक्ष नारायण पाहिला. पण बाळ तिच्या कुशीत राहिलं नाही. त्याच रात्री नेलं. म्हणजे एकीनं जन्म पाहिला, तिला बाळ मिळालं नाही. दुसरीला बाळ मिळालं, तिनं जन्म पाहिला नाही. मला तर त्या एका रात्रीत दोघी व्हायची पाळी आली होती. जन्मावेळी यशोदेसारखी बेशुद्ध आणि नंतर देवकीसारखी रिकामी.

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की खुद्द देवाचा जन्मसुद्धा कुणा एकीनं 'पार पाडला' नाही. देवकीनं वाढवला, वसुदेवानं वाहून नेला, यमुनेनं वाट दिली, यशोदेनं पाजला. प्रत्येकाच्या वाट्याला एक तुकडा. आणि मी मात्र सगळं माझ्या एकटीच्या यादीत लिहून ठेवलं होतं.

मंडळी, आजचा मुद्दा इथं आहे. आपण कर्तेपणाबद्दल खूप ऐकतो. "मी केलं" असं म्हणू नये, हे आपल्याला पाठ आहे. पण "माझ्याकडून झालं नाही" या टोचणीतसुद्धा तोच 'मी' बसलेला असतो, हे मला माहीत नव्हतं. नॉर्मल झाली असती तर मी म्हटलं असतं, बघा, नामाचं बळ. म्हणजे माझ्या नामाचं बळ. सिझर झालं तर मी म्हटलं, माझी साधना कमी पडली. दोन्हीकडे हिशोब माझ्याच नावावर. टोचणी दिसायला नम्र असते, म्हणून ओळखू येत नाही.

मी हे कुठल्याही आईला दोष म्हणून सांगत नाहीये. आधीच टाके असलेल्या बाईला 'तुझा अहंकार' म्हणून आणखी एक टाका घालू नका! मी सांगतेय ते ओझं उतरवायला. जे तुमच्या हातात नव्हतं ते तुमच्या नावावर कुणी लिहिलं?

आणि एक व्यवहाराची गोष्ट. सिझर म्हणजे भक्ती कमी, असं मनात असेल तर काढून टाका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात दर १०० बाळंतपणांमागे २१ हून जास्त सिझेरियन नोंदली गेली. त्यातली सगळीच गरजेची होती असं कुणी म्हणणार नाही, डॉक्टरांना प्रश्न जरूर विचारावेत. पण जिथं ठोके मंदावतात तिथं नाम घेत थांबायचं नसतं, सही करायची असते. आनंदीबाई जोशी आठवा. कोवळ्या वयात झालेलं त्यांचं बाळ अवघे दहा दिवस जगलं. त्या दुःखातून ही मुलगी समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाली. पदवीसाठी तिनं प्रबंध लिहिला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. पुढच्याच वर्षी ती गेली, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. भूल देणारे डॉक्टर, त्या मॅडम, त्या सिस्टर, हे सगळे हात माझ्यापर्यंत पोचायला किती आयांची बाळं आणि किती बाळांच्या आया जाव्या लागल्या असतील! यमुनेनं वाट दिली म्हणतो ना आपण, वाट अशीही होते.

आता त्या "मला काहीच वाटलं नाही" बद्दल. याचं उत्तर मला तिसऱ्या अध्यायात मिळालं नाही. ते खूप पुढं, चव्वेचाळिसाव्याच्या शेवटी मिळालं. कंस मेला. कृष्ण-बलरामांनी आई-बापांच्या बेड्या तोडल्या, पायांवर डोकं ठेवलं. एवढ्या वर्षांनी लेकरू समोर आलं, तर देवकीनं काय केलं? मिठी मारली नाही. हा जगाचा स्वामी आहे हे जाणून ती आणि वसुदेव हात जोडून नुसते उभे राहिले. बावरले. कारण वेगळं होतं हे मला कळतं. तिच्यापुढं ऐश्वर्य होतं, माझ्यापुढं नळ्या. पण समोर आपलं लेकरू आहे आणि हात पुढं होत नाहीत, ही अवस्था भागवताला ठाऊक आहे, एवढंच मला पुरलं.

आणि मग देव काय करतो, ते पंचेचाळिसाव्यात आहे. तो आईला म्हणत नाही, की तुला माया कशी नाही. उलट तोच क्षमा मागतो. म्हणतो, आमच्यामुळे तुम्हाला आमचं बाळपण अनुभवता आलं नाही. आणि आई-बापांचं ऋण शंभर वर्षांच्या आयुष्यातही फिटत नाही. त्या बोलण्यानं त्यांचं अवघडलेपण विरघळलं. त्यांनी लेकरांना मांडीवर घेतलं, आणि गळा इतका दाटला, की एक शब्द फुटेना.

माझंही तसंच झालं, फक्त कुठला दिवस ते सांगता येणार नाही. काचेच्या पेटीपाशी नाही झालं. दुपट्टं बदलताना, ढेकर काढताना, तीन वाजता डोळे मिटत असताना केव्हातरी झालं. माया आली तेव्हा तिनं दार वाजवलं नाही.

कुणाचं बाळ घरी आलंच नसेल, तर तिला मी काही शिकवू शकत नाही. फक्त एवढंच सांगते, की पंच्याऐंशीव्या अध्यायात देवकी आपल्या मोठ्या झालेल्या कृष्णाकडे एकच मागते. तिची ती गेलेली सहा बाळं एकदा बघायला मिळू देत. इतकी वर्षं झाली, घरात देव आहे, तरी ती सहा ती विसरलेली नाही. आणि देव तिला "आता सोड ते" असं म्हणत नाही. तो जातो आणि त्यांना घेऊन येतो. तिला पुन्हा पान्हा फुटतो. आईचं न विसरणं देवाला चुकीचं वाटत नाही, एवढं तरी त्यातून घ्या.

आता शेवटचं. गोकुळाष्टमीला रात्री बारा वाजता कीर्तनात जन्म होतो, फुलं उधळतात, पाळणा म्हणतात, आणि हातावर सुंठवडा पडतो. माझ्या आईनं मला बाळंतपणात रोज सकाळी सुंठ दिली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुंठ हा बाळंतिणीचा खुराक! एवढी वर्षं मी तो चिमूटभर प्रसाद 'कृष्ण जन्मला म्हणून' खात होते. देव जन्मला म्हणून वाटायला आपल्या जुन्या बायकांनी निवडलं काय, तर त्याच्या आईला द्यायचं औषध. त्या रात्री सगळं देऊळ बाळंतीण होतं. म्हणजे ज्या आयांचं पुढं कुणी नाव काढत नाही, त्यांची आठवण कुणीतरी गुपचूप प्रसादात कुटून ठेवलीय.

आजची साधना छोटी आहे. तुमच्या जन्माच्या रात्री तुमच्या आईबरोबर कोण होतं, ते आज तिला विचारा. आई नसेल तर मावशीला, आत्याला विचारा. कुणी गाडी काढली होती, कुणी डबा आणला होता, कुणी कमरेवर हात ठेवला होता. आणि ती झोपलेली होती, की जागी होती, की घाबरलेली होती, हेही विचारा. आजवर कुणी तिला हे विचारलंच नसेल. मी माझ्या आईला विचारलं तर ती पाऊण तास बोलली आणि शेवटी म्हणाली, "तुला कशाला गं हे सगळं?" पण आवाज ओला होता.

विठाई, ज्यांनी जन्म पाहिला आणि ज्यांना पाहता आला नाही, त्या सगळ्या आयांना तुझ्या कुशीत घे. आमच्या हातून जे झालं ते तुझं, आणि जे राहिलं तेही तुझंच असू दे. आणि आम्ही "आई गं" म्हणू तेव्हा, ती हाक तुलाच आहे असं समज.

लेक उठली. बाकीचं उद्या, अध्याय ४.

राम कृष्ण हरी.